इंजिनिअरिंग सोडून जॅझ पियानो?

नाशिकहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्सला, पियानोची सहावी ग्रेड झालेली. आता म्हणतो, इंजिनिअरिंग नको, जॅझ पियानिस्ट आणि संगीतकार व्हायचं. "यात पोट भरतं का? होकार द्यावा का?" असं त्या विचारतात.

ताई, नमस्कार.

सहावी ग्रेड म्हणजे बोटं तयार आहेत आणि नोटेशन वाचता येतं. जॅझ जमेल का, हे मात्र त्यावरून कळत नाही. अमेरिकन जॅझ पियानिस्ट आणि संगीतकार हर्बी हॅन्कॉकचं उदाहरण घ्या. जन्म १९४०, शिकागो. अकराव्या वर्षी शिकागो सिम्फनीबरोबर मोत्झार्ट वाजवलेला मुलगा, पण जॅझ शिकायला त्याला जॉर्ज शेअरिंग आणि ऑस्कर पीटरसन या जॅझ पियानिस्टांच्या रेकॉर्डी ऐकून एकेक सूर उतरवून काढावा लागला. तुमच्या मुलालाही इथूनच सुरुवात करायची आहे.

त्याला सहा महिने द्या, रोज दीड तास. पहिला अर्धा तास डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, साखळी. प्रत्येक कॉर्डचे मूळ सुरापासून मोजून फक्त तिसरा आणि सातवा हे दोन सूर वाजवायचे: एफ-सी, एफ-बी, ई-बी. दर वेळी एकच सूर अर्ध्या पायरीने खाली सरकतो, दुसरा जागेवर राहतो. हे हाताला कळलं की बाराही पट्ट्यांत करायचं. पुढचा अर्धा तास एखाद्या सोलोचे (एकट्या वादकाने रचत वाजवलेल्या भागाचे) चार बार, म्हणजे चार मात्रांची चार आवर्तनं, ऐकून आधी गायचे, मग वाजवायचे, कागदावर सगळ्यात शेवटी लिहायचे. उरलेल्या वेळात बारा बारचा ब्लूज, म्हणजे जॅझमधला एक मूलभूत साचा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर ठेवून त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरायचा, म्हणजे लय १२० ची होते. सुरुवातीला ठोका हमखास पहिल्या-तिसऱ्यावर घसरतो. घसरला की थांबून पुन्हा मोजायचं.

पाश्चात्त्य क्लासिकल शिकलेली मुलं अडतात ती साधारण दोन ठिकाणी. डावा हात कॉर्डचा मूळ सूर खाली दाबत राहतो, तिथे खालचे सूर वाजवणारा बेसवाला आधीच असतो, आणि सगळा आवाज चिखल होतो. दुसरं म्हणजे पाठ केलेला सोलो दुसऱ्या पट्टीत मागितला की हात थबकतात. दोन्हीवर उपाय एकच, माणसांबरोबर वाजवणं. म्हणून महिन्यातून दोनदा तरी बेस आणि ड्रमवाल्याबरोबर बसू द्या. नाशिकमध्ये अवघड गेलं तर पुणे-मुंबई गाठावी लागेल. घरी ८८ वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) कीजचा डिजिटल पियानो पुरेसा आहे. हलक्या कीजचा कीबोर्ड मात्र नको, त्यावर बोटांचा जोर कमी-जास्त करण्याची सवयच लागत नाही.

आता पोटाचं. नुसत्या जॅझच्या मैफिलींवर आपल्याकडे घर चालवणं फार कठीण आहे, हे स्पष्ट सांगते. शिकवण्या, हॉटेलं, स्टुडिओतलं वादन, जाहिराती आणि चित्रपटांचं अरेंजिंग (वाद्यरचना), असं मिळून उत्पन्न उभं राहतं. भारतातले जॅझ पियानिस्ट लुई बँक्स यांनी जॅझच्या जोडीने जाहिरातींच्या जिंगल्स केल्याच.

रचनाकाराकडे आणखी एक गोष्ट असते, हक्क. हॅन्कॉकने १९६२ साली ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी पहिला अल्बम केला, तेव्हा ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्डने त्याला बजावलं होतं की रचनांचे प्रकाशनहक्क देऊ नकोस. त्याने दिले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यातली 'वॉटरमेलन मॅन' ही रचना तालवादक माँगो सांतामारियाने वाजवली, ती गाजली आणि रॉयल्टी हॅन्कॉककडे आली. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात गेलेल्या संगीताच्या सिनेमागृहाबाहेरील वापरावर संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा मिळतो, आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. मुलाची पहिली रचना बाहेर पडली की आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यायला लावा. करारात 'सर्व हक्क' असे शब्द दिसले तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरून ठेवा. हॅन्कॉकही ग्रिनेल कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होता, संगीताकडे वळला तो तिथूनच, आणि सत्तरच्या दशकात सिंथेसायझर हाताळताना ते शिक्षण त्याच्या कामी आलं. इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलाच तर मुंबई किंवा पुण्यातला घ्या, म्हणजे वाजवायला माणसं मिळतील. सहा महिन्यांनी तो ब्लूज कोणत्याही पट्टीत वाजवू लागला, दहा-बारा स्टँडर्ड (जॅझवाले सगळेच वाजवतात अशा) धुना कागदाविना आल्या आणि स्वतःच्या दोन रचना पूर्ण झाल्या, तर संगीताच्या पदवीसाठी ऑडिशनची तयारी सुरू करा. तिथे तयार रचनेबरोबर पाहताक्षणी वाचन, कानाची परीक्षा आणि जागच्या जागी सुचेल तसं रचून वाजवणंही (इम्प्रोव्हायझेशन) तपासतात.