मतदान संपल्यावर मशीन बदललं नाही, आकडा वाढवला नाही हे कशावरून समजायचं?

तुम्ही विचारलंय की मतदानानंतर मशीन इतके दिवस गोडाऊनमध्ये पडून असतं, मग मधे कोणी बदललं नाही किंवा मतं वाढवली नाहीत यावर सामान्य माणसाने कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा. प्रश्न रास्त आहे. मुंबईत २०२४ च्या लोकसभेला २० मे ला मतदान झालं आणि मोजणी ४ जूनला, म्हणजे पंधरा दिवस मशीनं बंद खोलीत होती.

मी सरकारी नोकरीत आहे, २०१९ ला मतमोजणीच्या टेबलावर सहायक होतो आणि २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही वेळा पूर्व उपनगरात केंद्राध्यक्ष. त्यामुळे जे सांगतो ते हाताने केलेलं आहे. माझं उत्तर असं की विश्वास मशीनवर ठेवायचाच नाही, कागदावर ठेवायचा, आणि तो कागद म्हणजे नमुना १७सी, केंद्रावर किती मतं पडली याचा सही केलेला हिशोब. बाकी कुलपं, पोलीस, कॅमेरे हे सगळं हवंच, पण हा एक कागद उमेदवाराच्या माणसाच्या खिशात असेल तर पंधरा काय पन्नास दिवस मशीन पडून राहू दे.

सकाळपासून सांगतो म्हणजे लक्षात येईल. ७ ला मतदान सुरू, पण आम्ही साडेपाचला उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घेतो. एकूण कमीत कमी ५० मतं, आणि त्यातलं निदान एक प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला पडलंच पाहिजे. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर अशी तीन बटणं त्याच क्रमाने दाबायची, मशीनचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या जुळवून दाखवायच्या, त्या चिठ्ठ्यांवर मागे मॉक पोलचा शिक्का मारून काळ्या पाकिटात बंद करायच्या. मशीनवर परत शून्य दाखवायचं. माझ्या अनुभवात या वेळेला सहा पक्षांपैकी दोघांचेच एजंट हजर असतात, बाकीचे आठनंतर चहा पिऊन येतात, आणि जो भाग बघायला हवा तो तेव्हा संपलेला असतो. केंद्राध्यक्ष घाईत क्लिअर करायला विसरला तर ती ५० मतं आतच राहतात, आणि तिथे बसलेला माणूसच ते लगेच ओरडून सांगू शकतो.

त्यानंतर कंट्रोल युनिटच्या, म्हणजे मतं साठवणाऱ्या आमच्या टेबलावरच्या यंत्राच्या, रिझल्टवाल्या भागावर हिरवं कागदी सील लागतं. त्यावर नंबर छापलेला असतो, मी सही करतो, एजंट सही करतात. वरून स्ट्रिप सील. एजंटला स्वतःचं सील लावायचं असेल तर तेही लावता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. कोणतं मशीन कोणत्या केंद्रावर जाणार याची नंबरांसकट यादी उमेदवारांना आधीच दिलेली असते.

आता संध्याकाळ. सहा वाजले की मी दारात जाऊन मोठ्याने सांगतो की वेळ संपली, आणि रांगेत जे उभे आहेत त्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो. वाटायच्या कशा, तर शेपटाकडून. सगळ्यात मागच्या माणसाच्या हातात १ नंबर, मग पुढे पुढे येत जायचं, म्हणजे त्याच्यामागे नवीन कोणी घुसू शकत नाही. मे महिन्यात माझ्याकडे चाळीसच्या वर माणसं घामाघूम होऊन उभी होती, शेवटच्या बाईंनी सव्वासातला बटण दाबलं. हे यासाठी सांगतोय की विधानसभेला राज्यातल्या मतदानाचा पाच वाजताचा आकडा ५८.२२ टक्के आणि शेवटचा ६६.०५ टक्के यावरून केवढा गदारोळ झाला. दर दोन तासांचा आकडा हा आम्ही घाईत कळवलेला असतो, त्याच्यावर सही नसते, पाचनंतर अजून तासभर मतदान चालू असतं आणि वर रांगा असतात. ज्यांना शंका आहे त्यांना मी वेडं ठरवत नाही, उलट म्हणतो की प्रत्येक केंद्राचं १७सी काढा आणि बेरीज करा, उत्तर तिथेच आहे.

शेवटचं मत झालं की क्लोज बटणावरचं झाकण काढून एजंटांसमोर ते दाबायचं. त्यानंतर त्या मशीनमध्ये मत टाकताच येत नाही. पडद्यावर एकूण मतं येतात, तो आकडा मी मोठ्याने वाचतो. आणि इथे माझी झोप उडालेली एक गोष्ट सांगतो. नोंदवहीत, म्हणजे १७ए मध्ये जिथे तुम्ही सही करता, तिथे ६१२ नावं, आणि मशीन म्हणतंय ६११. एजंट दोन्ही बाजूंनी उठून उभे राहिले. एक मत गेलं कुठे? आम्ही पानं उलटायला घेतली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. साधारण साडेतीनशेच्या आसपास शेऱ्याच्या रकान्यात आमच्या दुसऱ्या मतदान अधिकारी बाईंचं अक्षर, "मत न देता गेले". एक आजोबा सही करून, बोटाला शाई लावून घेऊन, चक्कर येतेय म्हणून मत न देताच बाहेर पडले होते. तो शेरा त्या बाईंनी तेव्हाच लिहिला म्हणून वाचलो. १७सी मध्ये याला वेगळी ओळच आहे, मत न दिलेले किती, तिथे १ लिहिलं आणि हिशोब बसला. तो शेरा नसता तर त्या एका मतावर मी आयुष्यभर संशयात राहिलो असतो, आणि राहायलाच हवं होतं, कारण मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल २०२४ च्या लोकसभेला ४८ मतांनी लागलाय.

१७सी च्या पहिल्या भागात हे सगळं येतं. कंट्रोल युनिटचा नंबर, वहीप्रमाणे किती मतदार, मशीनप्रमाणे किती मतं, कागदी सीलं किती मिळाली, कुठल्या नंबराची वापरली, किती परत केली. १९६१ च्या निवडणूक नियमांत स्पष्ट आहे की हजर असलेल्या प्रत्येक एजंटला याची खरी प्रत द्यायची. मागायला लागू नये, पण मागा. मी दोन्ही वेळा प्रती घेऊन उभा होतो आणि घ्यायला माणसं कमी, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. दिवसभर घोषणा देणारे लोक सव्वासातला घरी गेलेले असतात.

मग मशीन पेटीत, पेटीला ॲड्रेस टॅग, लाखेचं सील, बसमध्ये आमच्यासोबत, आणि जमा करायच्या केंद्रावर रात्री एक-दीड वाजेपर्यंत रांग. तिथून स्ट्राँगरूम, म्हणजे मशीनं ठेवायची ती बंद खोली, दुहेरी कुलूप, आत केंद्रीय दल, बाहेर राज्य पोलीस, सीसीटीव्ही. उमेदवाराची माणसं बाहेर चोवीस तास बसू शकतात आणि बसतातही.

मोजणीला टेबलावर फक्त कंट्रोल युनिट येतं. मी पेटी उघडायचो तेव्हा समोर जाळीपलीकडे एजंट असायचे. त्यातल्या एका वयस्कर काकांकडे प्लास्टिकच्या पिशवीत १७सी च्या घड्या घातलेल्या प्रती होत्या, केंद्राप्रमाणे लावलेल्या. प्रत्येक मशीनला ते नंबर विचारायचे, सील दाखवा म्हणायचे, एकूण आकडा आला की स्वतःच्या कागदावर बरोबरची खूण करायचे आणि मगच पुढचं मशीन. सुपरवायझरना उशीर होत होता तरी कोणी त्यांना अडवलं नाही. मशीन बदललं असतं तर नंबर जुळला नसता, आकडा वाढवला असता तर एकूण जुळलं नसतं, सही केलेलं हिरवं सील तर दुसरं आणणार कुठून.

हे सगळं बाहेरून होणाऱ्या फेरफारासाठी. मशीनच्या आतच मत फिरवलं तर काय, तर त्यासाठी व्हीव्हीपॅट. ७ सेकंद चिठ्ठी दिसते, बटण दाबलं की लगेच निघू नका, बघा. शेवटी दर विधानसभा मतदारसंघातली ५ केंद्रं सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या पंचवीस-पंचवीसच्या गड्ड्या करून हाताने मोजतात. फरक निघाला तर कागदी चिठ्ठीचा आकडा धरतात, मशीनचा नाही. आधी एकच केंद्र होतं, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच केली. सगळ्याच मोजा ही मागणी कोर्टाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. माझं मत विचाराल तर पाचापेक्षा जास्त मोजायला हरकत नव्हती, वेळ लागला असता तर लागू द्यायचा.

तुम्हाला स्वतःला खात्री करायची असेल तर ओळखीच्या उमेदवाराकडून नमुना १० वर पोलिंग एजंट म्हणून सही घ्या, पहाटे पावणेसहाच्या ऐवजी सव्वापाचला पोहोचा, सीलांचे नंबर वहीत लिहा, आणि १७सी ची प्रत हातात आल्याशिवाय खोली सोडू नका.