सल्काटा कासवांची पिल्लं काढण्याआधी काय विचार करावा?

तुमच्याकडे आठ-नऊ वर्षांची सल्काटाची जोडी आहे, मादी हल्ली जमीन उकरते आणि अंडी उबवून पिल्लं काढायची तुमची इच्छा आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी नाशिकजवळ मळ्यात राहतो. माझ्याकडेही एक नर आणि एक मादी आहे. मी एकदाच पिल्लं काढली, पुन्हा काढलेली नाहीत. का ते सांगतो.

त्या नोव्हेंबरात मादीनं खाणं टाकलं आणि कुंपणाच्या कडेकडेनं येरझारा सुरू केल्या. तीन ठिकाणी उकरलं, सोडून दिलं. चौथ्या जागी मात्र मागच्या पायांनी अख्खी दुपार खणत राहिली. माती मऊ व्हावी म्हणून खड्ड्यात मुतली, आणि दिवेलागणीला एकेक अंडं सोडायला लागली. प्रत्येक अंडं मागच्या पायानं हलकेच बाजूला सारायची, मग पुढचं. टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, एकूण २२. मी बॅटरी धरून शेजारी बसलो होतो. ते बघितल्यावर अंडी तशीच राहू द्यायला मन तयार होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

उबवण्याचं तंत्र अवघड नाही. अंडं जसं सापडेल तसंच उचलायचं आणि वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करायची. गर्भ कवचाला आतून चिकटतो, त्यानंतर अंडं उलटं झालं तर तो दगावतो. थर्माकोलच्या पेटीत ३० अंशांच्या आसपास तापमान, थोडा ओलावा, आणि तीन-साडेतीन महिने धीर. कमी तापमानाला नर जास्त होतात, जास्तीला माद्या. आमच्याकडे लाईट जाते, म्हणून इन्व्हर्टर फक्त त्या पेटीसाठी ठेवला होता. १४ पिल्लं निघाली.

खरा प्रश्न तिथून सुरू झाला. आज काडेपेटीएवढं असलेलं पिल्लू पुढे ४०-५० किलोचं होतं, नर त्याहूनही मोठा. ते मूळचं सहाराच्या दक्षिण काठावरचं जनावर, उन्हापासून वाचायला खोल बिळं खणणारं. फ्लॅटच्या बाल्कनीत ते मावत नाही, आणि ७० वर्षं जगू शकतं. मी ओळखीतल्यांना पिल्लं दिली. दीड वर्षानं त्यातलं एक परत आलं. पाठीवर उंचवटे, कवच अंगठ्यानं दाबलं तर दबत होतं. त्याला पोळी, काकडी आणि ट्यूबलाईटचा उजेड मिळाला होता, ऊन नाही. घेणारा माणूस वाईट नव्हता. त्याला नीट न सांगता पिल्लू हातात देणारा मी होतो, आणि ती चूक मला अजून टोचते.

म्हणून आधी घरं मोजा, मग अंडी. अंगण असलेली, हरळी, जास्वंदीची पानं, फड्या निवडुंग रोज मिळेल अशी, निफाडकडे पारा पाचाखाली उतरतो तशा थंडीत उबदार खोपटं करून देणारी. सल्काटा शीतनिद्रा घेत नाही, थंडीत आजारी पडतो. अशी खात्रीची घरं किती? तीन असतील तर तीनच अंडी ठेवा. बाकीची पहिल्या दिवशीच काढून फ्रीझरमध्ये ठेवायची, गर्भ वाढायच्या आत. ऐकायला कठोर वाटेल, पण मी दरवर्षी तेच करतो. मादी वर्षात दोन-तीनदा अंडी घालू शकते, आणि एकदा मिळालेलं बीज ती साठवून ठेवते. त्यामुळे नर वेगळा केला तरी अंडी लगेच थांबत नाहीत. वेगळा मात्र कराच. जोडीत नर मादीला सतत धडका देतो, चारा खाऊ देत नाही.

कायद्याचंही बघा. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्रजातींची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते आणि पिल्लं झाली की तीही कळवावी लागतात. आणि तुमची 'जोडी' म्हणजे प्रत्यक्षात आपली स्टार कासवं असतील, तर हा विषय इथेच थांबवा. ती त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरी पाळणंच गुन्हा आहे. वन विभागाशी बोला.

लहान मुलं हाताळत असतील तर नंतर साबणानं हात धुण्याची सक्ती करा. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

आता तुमच्या मादीबद्दल. ती उकरते पण अंडी घालत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर उबवण्याचा विचार बाजूला ठेवा आणि कासवं तपासणाऱ्या पशुवैद्याकडून एक्स-रे काढून घ्या. अंडी अडकली तर मादी दगावू शकते. तोवर समुद्रफेण चघळायला द्या, कोमट पाण्यात रोज वीस मिनिटं बसवा आणि हातभर खोल, भुसभुशीत, उन्हाची माती मोकळी करून द्या. पुष्कळदा तिला फक्त जागा पसंत पडलेली नसते.