चाळीस वर्षांचं अर्धवट वाक्य

तुमचं पत्र वाचलं: तुमचे वडील 1982 ते 2014 सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते, तेही क्रायसोटाइलची, म्हणजे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची, पोती फोडायच्या खात्यात. आधी टीबीची औषधं झाली, मग अडीच वर्षांपूर्वी सीटी स्कॅनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी होणारा फुप्फुसांचा आजार, निघाला. आता कंपनी म्हणते, 'कामाला लागून चाळीस वर्षं उलटली, आरोग्याची नोंद आमच्याकडे नाही.' हे उत्तर घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात. ते अर्धंच आहे.

पूर्ण आदेश सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या ग्राहक संस्थेच्या याचिकेवर दिला. कामगाराची आरोग्यनोंद रुजू झाल्यापासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यांतलं जे नंतर संपेल तोवर जपायची. वडिलांची 40 वर्षं 2022 मध्ये भरली, पण 15 भरतील 2029 मध्ये. याच आठवड्यात लेखी मागणी पाठवा, प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. नकार आला तर तोही जपून ठेवा.

'आमचा अ‍ॅस्बेस्टॉस पांढरा, तो घातक नाही' हेही ऐकवतील. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉसिस आहे, तंतूचा रंग नाही.

निवृत्तीनंतर आजार उघड झाला म्हणून दावा बुडत नाही. अडचण दावा करायच्या दोन वर्षांच्या मुदतीची आहे. सबळ कारण असेल तर नुकसानभरपाई आयुक्त उशीर माफ करू शकतात. टीबी समजून गेलेली वर्षं डॉक्टरांच्या कागदांवरून समजावता येतील. पण रिपोर्ट हातात आल्यावरही तो प्लास्टिकच्या पिशवीत कपाटावर का पडून राहिला? 'धावपळीत राहून गेलं' हे कारण तिथे चालत नाही. इतकी वाट पाहायला नको होती. आता अर्जात तारीखवार, खरं तेच लिहा.

वडिलांचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड होतं का, ते आधी कळवा. असेल तर दावा कंपनीवर नाही, ईएसआयकडे जातो. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. आजाराचं निदान त्याआधीचं, म्हणून तूर्त नुकसानभरपाईचा जुना कायदा धरतोय. पक्कं मत कागद पाहून देईन.

आणि वडिलांना दोन वाक्यांत धाप लागते, असं तुम्हीच लिहिलंय. आपल्याकडे तारखांवर तारखा पडतात. त्यांचं प्रतिज्ञापत्र आधी करून घ्या: कोणतं खातं, कोणती पाळी, पोती हातांनी फोडायचे की यंत्रावर, तोंडाला नुसता रुमाल असायचा का, आणि शेजारी कोण उभं असायचं.