रामसर दर्जा मिळाला की तलावाकाठच्या लोकांची रोजीरोटी जाते का?

तलाव रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला की मासेमारी आणि काठावरची शेती बंद होते का, असं तुम्ही विचारलंय. आपोआप तर नाहीच होत. मी इंदूरचा, म्हणून यशवंतसागरचं सांगतो. गंभीर नदीवरचा होळकरांच्या काळातला हा जलाशय २०२२ साली त्या यादीत गेला. इंदूरला पाणी तिथून येतं, मत्स्यपालनही चालतं आणि सारस पक्षीही तिथेच असतात.

२०१७ च्या पाणथळ नियमांत मनाई आहे ती भराव, कचरा, शुद्ध न केलेलं सांडपाणी आणि पूररेषेपासून ५० मीटरांतल्या पक्क्या बांधकामाला. जाळं आणि नांगर त्यात नाहीत. पण जाळंवाल्याला हटकणं सोपं असतं, प्लॉट पाडून कॉलनी उठवणाऱ्याला कोण हटकणार!

सरसकट बंदीनं काय होतं ते राजस्थानात भरतपूरला दिसलं. १९८२ मध्ये तिथल्या केवलादेव या पक्ष्यांच्या राष्ट्रीय उद्यानातली म्हशींची चराई बंद केली. विरोध झाला, गोळीबारात माणसं गेली. पुढे चरायला कुणी नाही म्हटल्यावर गवत इतकं माजलं की पक्ष्यांना उघडं पाणीच कमी पडू लागलं.

मासेमारीचा तंटा मला तितकासा मोठा वाटत नाही. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंदच असते, आणि सारसांची घरटीही पावसाळ्यातच होतात. त्या दोन महिन्यांत घरटी राखायची मजुरी मच्छीमारांनाच दिली तर काय बिघडेल?

खरी ओढाताण पाण्याची. हिवाळी पाहुणे पक्षी उतरतात तेव्हाच गहू, लसूण, बटाट्याला पाणी लागतं आणि काठाकाठानं मोटारी सुरू होतात. इथे दोघांचंही मन राखता येत नाही. पाणी अमुक पातळीखाली उपसायचं नाही, हे ठरवावंच लागतं, आणि ते रब्बीच्या पेरणीआधी, गावकऱ्यांना बसवून. आधी कळलं तर शेतकरी लसणाऐवजी हरभरा घेईल. पीक उभं असताना मोटार बंद करायला सांगाल तर भांडणच होणार, आणि त्यात चूक शेतकऱ्याची नसेल. शहराचा उपसाही त्याच पातळीला बांधलेला हवा, नाहीतर गावानं का ऐकावं?

तुमच्या तलावाचं म्हणाल तर मासेमारीचा ठेका गावच्या सहकारी समितीकडे आहे की बाहेरच्या ठेकेदाराकडे, ते आधी बघा. बाहेरचा असेल तर ठेक्याची मुदत कधी संपते ते काढा आणि त्याआधीच्या ग्रामसभेत विषय मांडा.