अमेरिकेत व्यसनोपचार तज्ज्ञांचा तुटवडा आहे, मग तिकडे यावं का?

तुम्ही विचारलंय, एम.डी. मेडिसिन झाल्यावर अमेरिकेत थेट अ‍ॅडिक्शन मेडिसिनच्या (व्यसनोपचाराच्या) फेलोशिपला, म्हणजे उपशाखेच्या प्रशिक्षणाला, येता येईल का, कारण तिथे तज्ज्ञ कमी आहेत असं सगळीकडे वाचलंत. थेट येता येईल असं धरून चालू नका. आधी यूएसएमएलई ही इथली डॉक्टरी परवान्याची परीक्षा, मग इथली इंटर्नल मेडिसिनची 3 वर्षांची रेसिडेन्सी (रुग्णालयातलं मूळ शाखेचं प्रशिक्षण), त्यानंतर 1 वर्षाची फेलोशिप. मीही याच रांगेतून आलो.

तुटवडा खरा आहे, पण तो का आहे ते आधी बघा. 2016 मध्ये या शाखेला उपशाखा म्हणून मान्यता मिळाली. कुठल्याही मूळ शाखेच्या डॉक्टरला ती खुली आहे. मानसोपचारवाल्यांची अ‍ॅडिक्शन सायकियाट्री वेगळी आणि जुनी. सुरुवातीची वर्षं अनुभवाच्या जोरावर बोर्डाच्या, म्हणजे तज्ज्ञ म्हणून मान्यता देणाऱ्या, परीक्षेला बसता यायचं. ती वाट 2025 पर्यंतच होती. आता नवे तज्ज्ञ फेलोशिपमधूनच यायचे, आणि इथेच घोडं अडतं. रेसिडेन्सी संपलेला माणूस हॉस्पिटलिस्ट (रुग्णालयात दाखल पेशंट बघणारा डॉक्टर) म्हणून लगेच चांगला पगार घेऊ शकतो. तो आणखी एक वर्ष फेलोच्या मानधनावर का काढेल? पुढे पगार फारसा वाढतही नाही. नुसत्या सीट वाढवून हे गणित सुटत नाही, हे नियोजन करणाऱ्यांना उशिरा कळतंय असं माझं मत.

शिवाय 2022 च्या अखेरीस ब्युप्रेनॉर्फिन हे अफूजन्य व्यसनावरचं औषध लिहिण्यासाठीचं खास परवान्याचं बंधन गेलं. साधा फॅमिली डॉक्टरही आता ते देऊ शकतो (देतातच असं नाही, हा भाग निराळा). त्यामुळे तज्ज्ञाकडे गुंतागुंतीचे पेशंट, गरोदर स्त्रिया आणि शिकवण्याचं काम येतं. अफूजन्य व्यसनासाठीचं दुसरं औषध, मेथाडोन, मात्र अजून परवानाधारक केंद्रांतूनच मिळतं. तिथे डॉक्टर लागतोच.

व्हिसाचा विचार रेसिडेन्सीच्या अर्जाआधीच करा. जे-1 हा प्रशिक्षणासाठीचा व्हिसा घेतलात तर शेवटी 2 वर्षं मायदेशी राहावं लागतं, नाहीतर वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट, मिळवावी लागते. अशी सूट देणाऱ्या कॉनरॅड 30 योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला 30 जागा, आणि डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात 3 वर्षं नोकरी. ती बहुधा मूळ शाखेच्या नावावरच मिळते. म्हणून करारात व्यसनोपचाराचे दिवस किती, हे लिहून घ्या. मी तोंडी शब्दावर विसंबलो आणि पहिलं वर्ष निव्वळ मधुमेह तपासत काढलं.