बॅटरीचं नंतर, आधी ती पॉलिसी बघू

प्रश्न : वय ३८, नाशिक. हातात पगार ८५ हजार. पेट्रोल गाडी साडेअकरा लाखांना पडते, इलेक्ट्रिक १५ लाखांना. रनिंग महिना ४५० किमी. बॅटरी पेटण्याची भीती वाटते, आणि आठ वर्षांनी ती बदलावी लागली तर? डीलर म्हणतो, कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची करसवलत आहे. गृहकर्ज ३४ लाख बाकी, ८.५ टक्के. विमा : बँकेतून घेतलेली गॅरंटीड पॉलिसी. वर्षाला १.२० लाख, १० वर्षं भरायचे, १५ वर्षांनी २० लाख. दोन हप्ते भरलेत. पत्नी गृहिणी, मुलं दोन.

उत्तर : २०२२ मध्ये पेटल्याच्या बातम्या आल्या त्या मुख्यतः स्कूटरच्या. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या; कारसाठी एआयएस-०३८, दुचाकीसाठी एआयएस-१५६ ही सुरक्षा मानकं. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी घ्या, ती एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीपेक्षा जास्त उष्णता सोसते. घरच्या चार्जिंगला पंधरा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं. साधा चार्जरही तासन्‌तास १४-१५ अँपिअर ओढतो; एक्स्टेन्शन बोर्ड वितळतो तो त्यामुळे. वॉरंटी बहुधा ८ वर्षं किंवा १.६० लाख किमी असते, पण क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून देतात ते लेखी घ्या.

तुमची अडचण बॅटरी नाहीच, रनिंग आहे. पेट्रोल किलोमीटरला ७ रुपये, घरची वीज पावणेदोन. ४५० किमीला बचत महिना सुमारे २,४००. साडेतीन लाखांचा फरक भरून निघायला १२ वर्षं! आणि ती करसवलत (आयकराचं कलम ८०ईईबी) ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. डीलरने शिळी कढी वाढली आहे. पेट्रोल घ्या, किंवा जुनी गाडी बघा.

आता न विचारलेलं. अशा पॉलिसीत विमा साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे १२ लाख. डोक्यावर कर्ज ३४ लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर बायकोच्या हाती बँकेची नोटीस येईल. आणि परतावा? १२ लाखांचे १५ वर्षांनी २० लाख म्हणजे जेमतेम ५ टक्के. ८.५ टक्क्यांनी कर्ज फेडणारा माणूस ५ टक्क्यांत पैसे कोंडतो, याला बचत म्हणत नाहीत. बँकेला कमिशन मिळालं, तुम्हाला कॅलेंडर.

पॉलिसी आता सोडली तर भरलेल्या २.४० लाखांतले साधारण ८०-८५ हजार परत येतील असं धरू; नेमका आकडा कंपनीच सांगेल. दीड लाख बुडाले म्हणून जीव जळेल, जळू द्या. ती रक्कम आणि पुढचे आठही हप्ते गृहकर्जात भरा. वाचलेलं व्याज धरता पंधराव्या वर्षी हिशोब २३ लाखांच्या पुढे जातो.

याशिवाय वर्षाला १५-२० हजार एक कोटीच्या टर्म प्लॅनला (निव्वळ विमा, मुदतीनंतर पैसे परत नाहीत) द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. क्रम मात्र चुकवू नका : टर्म प्लॅन हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही. शुगर-बीपी निघालं, अर्ज अडला, तर निदान ते १२ लाख तरी आहेत. सरेंडर व्हॅल्यू (आता सोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप रक्कम (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी मिळणारे पैसे) दोन्ही कंपनीकडून लेखी मागवा.

तिसऱ्या हप्त्याची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती आधी आली तरी वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची जादा मुदत असते. तेवढ्यात मेडिकल उरकून घ्या, आणि ऑटो-डेबिट लावलं असेल तर ते आधी थांबवा.