रोज वीस पानांचा नेम सोडा, हंगाम बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळा-कॉलेजात पुस्तकांचा फडशा पाडायचात, नोकरी आणि संसार सुरू झाल्यापासून वाचन सुटलं. रोज वीस पानं वाचायचा नेम धरता, तो आठवडाभरात मोडतो. मग बाकीचे लोक वेळ काढतात तरी कसा?

मी काढत नाही. माझं जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात कृषी केंद्र आहे, म्हणजे बी-बियाणं, खतं, औषधं. घरची थोडी शेतीही आहे, केळी आणि कापूस. मला जूनमध्ये कुणी ‘रोज वीस पानं वाचा’ म्हणालं तर त्याला मी एक दिवस माझ्या गल्ल्यावर बसवीन.

मृग लागला की शटर अर्धं वर गेलं नाही तोच ओट्यावर माणसं उभी असतात. युरियाची गोणी द्यायची तर आधार नंबर टाका, पॉस मशीनवर अंगठा घ्या. मातीत काम करून बोटांच्या रेषा झिजलेल्या, अंगठा काही उमटत नाही. हात धुवायला लावा, पुसायला लावा, दुसरं बोट ठेवून बघा, तोवर नेट जातं. मागच्याला नेमकं दहा-सव्वीस-सव्वीस खत हवं असतं आणि ते कालच संपलेलं असतं. रात्री हिशोब लावून घरी गेलो की ताटाखालच्या पेपरातलं अक्षरसुद्धा नको वाटतं. त्या दीड-दोन महिन्यांत मी पुस्तक वाचत नाही, आणि त्याची मला खंतही नाही. ज्येष्ठात ‘अजून गहू पेरला नाही’ म्हणून कुणी शेतकरी हळहळतो का?

रोजच्या नेमाला माझा विरोध नाही, ज्याला जमतो त्याला जमो. पण तो मोडला की माणसाला पुस्तकाची लाजच वाटायला लागते. दोन दिवस चुकले की तिसऱ्या दिवशी पुस्तक डोळ्यांसमोर नको होतं, आणि मग महिनाच जातो. त्यापेक्षा वर्षाचा हिशोब धरावा.

आमच्याकडे शेतीचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलतं. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आखाजीला ठरतो, जुना आखाजीला मोकळा होतो. माझं वाचनाचं वर्षही तेव्हाच सुरू होतं. पारा पंचेचाळीसकडे सरकलेला असतो. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. गुलाबी बोंडअळीचं चक्र तुटावं म्हणून कापसाचं बियाणं सरकारनं ठरवलेल्या तारखेआधी विकता येत नाही, त्यामुळे येणारा माणूस ‘अमुक वाण येणार का’ एवढं विचारतो, माठातलं पाणी पितो आणि जातो. वर्षातल्या जाड कादंबऱ्या मी या दुपारी वाचल्यात. कूलरचा आवाज, वर पंखा, आणि कुणी हाक मारणारं नाही.

गल्ल्यावर वाचायचं तर पुस्तक त्या जागेला मानवणारं हवं. मधे गिऱ्हाईक येतं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कापसाचं पान काढतं आणि टेबलावर ठेवतं. कडा लाल पडलेल्या असतात. हा लाल्या रोग आहे की तुडतुडे किडीचा त्रास, पाणी किती दिलं, मॅग्नेशियम कधी सोडलं, यात सहज वीस मिनिटं जातात. गिऱ्हाईक गेल्यावर पुन्हा त्याच ओळीवर यायचं असतं. (खूण म्हणून औषधाच्या खोक्यातली घडीची माहितीपत्रकं झकास, अशी माझ्याकडे गोणीभर पडून आहेत.) गोष्ट असेल, माणसं असतील तर ओळ लगेच सापडते. इतिहास, अर्थकारण, वैचारिक लेख असं काही असेल तर पान पहिल्यापासून वाचावं लागतं. तसली पुस्तकं मी दुकानात आणतच नाही. ती पौष-माघातल्या पहाटेसाठी. रब्बीची घाई संपलेली असते, हरभरा घाट्यात आलेला असतो, आणि थंडीमुळे कुणी लवकर दुकानाकडे फिरकत नाही.

आमच्याकडे एक म्हातारे बाबा येतात. त्यांना वाचता येत नाही. “काय वाची राहिना भाऊ?” म्हणून बसतात आणि मला गोष्ट सांगावी लागते. पुढच्या वेळी आले की खताचा भाव नंतर, आधी “त्या पोऱ्याचं काय झालं पुढे?” आता मी वाचलंच नसेल तर काय सांगणार? माझी दोन-तीन कंटाळवाणी पुस्तकं केवळ बाबांच्या धाकानं शेवटाला गेली. तुम्हालाही असा विचारणारा एखादा मिळाला तर बघा. बायको, मुलगी, ऑफिसातला डबा खाणारा सोबती, कुणीही चालेल.

दिवाळीचं म्हणाल तर आमचं उलटं आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीत फराळासोबत अंक वाचतो म्हणतात, पण इकडे तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात असते. मजूर मिळत नाहीत, भाव पडलेला असतो, त्यात हरभरा-मक्याच्या बियाण्याला गर्दी. म्हणून मी अंक जानेवारीनंतर वाचतो. याचा एक फायदा आहे. वाचनालयात नव्या अंकांसाठीची ओढाताण तोवर संपलेली असते आणि हवा तो अंक लगेच हातात पडतो. राशिभविष्याची पानं तोवर शिळी झालेली असतात, ती उलटून पुढे जायचं.

वाचनालयाचं मुद्दाम सांगतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे अनुदानावर चालणारी सार्वजनिक वाचनालयं आपल्याकडे खेड्यापाड्यांतही आहेत. अनामत ठेवायची, वर्गणी भरायची, पुस्तक घरी न्यायचं. लोक म्हणतील, आता ऑनलाइन स्वस्तात मिळतं तर वाचनालय कशाला? २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन भरलं, दुकान थंड होतं म्हणून मी गेलो आणि पिशवी भरून पुस्तकं आणली. त्यातली बरीच अजून कपाटात आहेत. ती कुठे पळून जात नाहीत, त्यामुळे त्यांची पाळीच येत नाही. वाचनालयाच्या पुस्तकावर मात्र परतीची तारीख असते, आणि तारीख उलटली की ग्रंथपाल चारचौघांत नाव घेऊन विचारतात. विकत घेऊ नका असं नाही, पण सवय मोडलेली असेल तेव्हा आधी उसनं पुस्तक आणा.

ऐन हंगामात काहीच चालत नाही असंही नाही. गल्ल्याच्या खणात बिलबुकाखाली माझी ‘बहिणाबाईंची गाणी’ची प्रत असते. आसोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, घरकाम करता करता सुचलेली गाणी मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून घेतली आणि ती गेल्यावर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं छापली गेली. कामाच्या धबडग्यात झालेली गाणी आहेत, धबडग्यात वाचली तरी अंगाला लागतात. अंगठा उमटेपर्यंत एक कडवं होतं.

ऐकण्याबद्दलही विचारतील कुणी. शेतीला रात्रपाळीची लाइट असली की केळीला पाणी द्यायला जावं लागतं. तेव्हा मी फोनवर ऑडिओबुक लावतो. बरं असतं, पण एकाच कानात. दुसरा मोकळा ठेवावा लागतो, सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या आहे आणि त्याला साहित्याची आवड नाही.

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही हिशोब खात्यात आहात असं लिहिलंय. म्हणजे मार्च तुमचा मृग आहे, आणि विवरणपत्रांच्या तारखा आल्या की दुसरी पेरणी. त्या दिवसांत पुस्तकाचं नावही काढू नका. पण एप्रिलचा उत्तरार्ध, मे, दिवाळीनंतरचे काही आठवडे कसे गेले ते गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढून बघा. मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, गावी जाणं यांवर काट मारा. जे उरेल तो तुमचा हंगाम, आणि तो बहुतेक तुमच्या अंदाजापेक्षा मोठा निघेल. फक्त त्या दिवसांत मोबाइल हाताशी ठेवू नका. मोकळ्या वेळेवर पहिला हक्क तोच सांगतो. माझा चार्जर मी मुद्दाम मागच्या गोदामात लावलाय, उठून जायचा कंटाळा कामी येतो.

आणि कामाचा हंगाम आला, पुस्तक अर्धवट राहिलं, तर राहू द्या. कोण कुणाचा कोण, कुठपर्यंत आलो, एवढं कागदावर टिपून ठेवा, म्हणजे पोळ्याच्या सुमाराला पुन्हा उघडलं की अडत नाही. कागद मात्र वेगळा घ्या. मी घाईत एका कादंबरीतली सगळी माणसं उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिली होती, आणि मुलगा वसुलीची यादी काढताना विचारत होता, बाबा, हे इनामदार कुठल्या गावचे, यांच्याकडे किती बाकी आहे?